उसाला नोंद, लेकराला पाचट!

दसरा उलटला की नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर लगीनघाई सुरू होते. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, पूजेला जोडपी बसतात, गाळपाचे उद्दिष्ट टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर होते. त्याआधी कितीतरी महिने शेती विभागाच्या वह्या भरत आलेल्या असतात. कोणाच्या गटात किती एकर ऊस, लागण कोणत्या तारखेची, आडसाली की खोडवा, वाण कोणते, तोड कधी यायची, सगळे टिपलेले असते. कोणत्या मुकादमाने किती कोयते आणायचा करार केला, कोणाच्या अंगावर किती उचल आहे, याचा पैशापैशाचा हिशेब तयार असतो. अड्ड्यावर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या की बैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला पशुवैद्यकाची गाडीही येते. यावी. मुक्या जनावराची काळजी घेणे हे माणुसकीचे लक्षण आहे.

आता या सगळ्या वह्या उघडा आणि एकच नोंद शोधून दाखवा. टोळ्यांबरोबर सहा वर्षांखालची किती लेकरे आली आहेत, आणि उद्या पहाटे आईबाप फडात गेल्यावर ती कोणाच्या हवाली असणार आहेत?

ती नोंद तुम्हाला सापडणार नाही. कुठे एखाद्या कारखान्याने, एखाद्या संस्थेने दोनचार हंगाम बालवाडी चालवली असेल, त्यांना आमचा नमस्कार. पण अपवादाच्या आड नियम लपत नाही. आणि नियम हा आहे की या जिल्ह्यात उसाच्या कांडीला जी नोंद मिळते ती ऊस तोडणाऱ्याच्या लेकराला मिळत नाही. ही नजरचूक नव्हे. सात दशके दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होणाऱ्या चुकीला चूक म्हणत नाहीत. तो कारभार असतो, आणि त्या कारभाराला कारभारी असतात.

नगर म्हणा की अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा साखरेचे माहेरघर आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला आणि सावकाराच्या पाशात अडकलेल्या कुणब्याला आपल्या मालकीचे धुराडे दिसले. त्या पराक्रमाला आम्ही आजही मुजरा करतो. पुढे संगमनेर, कोपरगाव, कोळपेवाडी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, राहुरी, अकोले अशी धुराड्यांची रांग लागली. धुराड्यांच्या सावलीत दूध संघ आले, बँका आल्या, पब्लिक स्कूल आली, इंजिनिअरिंगची आणि मेडिकलची कॉलेजे आली. कारखान्याच्या वसाहतीतली पोरे टाय लावून, डबा घेऊन, पिवळ्या बसमधून छोट्या शिशूला जातात. त्याच बसच्या खिडकीतून, रस्त्याकडेच्या उघड्या रानात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपी दिसतात. ज्या सहकाराला मेडिकल कॉलेज काढता आले, त्याला पाळणाघर काढता येत नाही? ज्यांनी डोंगर फोडून कालवे आणले, त्यांना एक पत्र्याची शेड आणि दोन बायांचा पगार जड होतो? हे आम्हाला सांगू नका. येत नाही आणि करायचे नाही, यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो.

कोपीतल्या पोराचा दिवस कसा जातो ते, ज्यांना माहीत नाही अशा सुखी जिवांसाठी, इथे सांगणे भाग आहे. पहाटे तीन-चारला चूल पेटते. भाकरी थापून, बांधून, नवराबायको अंधारातच फडाकडे निघतात. तान्हे असेल तर ते गोधडीसकट गाडीत पडते. फडात बांधावर झाड असले तर साडीची झोळी होते. नसले तर पाचटावर फडके अंथरतात आणि त्यावर लेकरू. पौषातली थंडी, उसातले सापविंचू, पाचटाची पात्यासारखी धार, मागेपुढे होणारा ट्रॅक्टर, कठडा नसलेली विहीर. आई दहा पावलांवर कोयता चालवत असते, पण तिचे हात मोकळे नसतात. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या, गाडी भरायची, आणि काट्यावर नंबर लागेपर्यंत रात्र. चालत्याबोलत्या पोरांना कोपीवर ठेवायचे तर सांभाळायला कोण? सात-आठ वर्षांची थोरली बहीण. म्हणजे एका बालवाडीच्या अभावात दोन मुले नासतात. धाकट्याची बालवाडी जाते आणि थोरलीची दुसरी-तिसरी. सरकार गावाकडे हंगामी वसतिगृह काढते, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणते, आणि मग पोरी का येत नाहीत म्हणून डोके खाजवते. कशा येतील? तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. त्याला कोणाच्या ओटीत टाकून तिने तुमच्या वसतिगृहात यायचे?

घोडे नेमके इथे पेंड खाते, आणि हे गेली तीस वर्षे साऱ्यांना दिसत आहे. नव्वदच्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा सुरू केल्या. बऱ्यावाईट, पण मुलांपाशी गेलेल्या त्या शाळा होत्या. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि औपचारिक शाळेच्या नावाखाली साखरशाळांचे दिवे मालवले गेले. मुलांना गावीच ठेवा, असे धोरण ठरले. कागदावर ते शोभूनही दिसते. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा आहे. सहाच्या आतल्या मुलांबद्दल त्याने सरकारला ‘करता येईल’ एवढेच सांगितले, ‘केलेच पाहिजे’ असे सांगितले नाही. दीड वर्षाचे लेकरू गावाकडे आजीपाशी ठेवावे तर ते अंगावर पिते. तीन वर्षांचे ठेवावे तर आजीच कोयता घेऊन टोळीत असते. तेव्हा सर्वांत लहान, सर्वांत अशक्त, ज्याचा मेंदू आणि हाडे याच वर्षांत घडायची तेच मूल प्रत्येक योजनेच्या चाळणीतून खाली पडते. आणि चाळणी धरणारे हात म्हणतात, आमच्याकडे नोंद नाही!

या हातांची उत्तरे आम्हाला पाठ झाली आहेत. एकेक घेऊ.

पहिले उत्तर अंगणवाडीच्या खात्याचे: ‘यांची नोंद गावाकडे आहे.’ गाव कुठे? पाथर्डीत, शेवगावात, जामखेडात, शेजारच्या बीडमध्ये. मूल कुठे? राहात्यात, कोपरगावात, नेवाशात. नाव एका तालुक्यात, पोट दुसऱ्या तालुक्यात! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. त्यात ‘मूळ गावी असेल तर’ अशी अट कोणी घातली? पोषण ट्रॅकर नावाचे ॲप सेविकेच्या हातात दिले आहे. स्थलांतरितांचा माग ठेवायला राज्याने स्वतंत्र संगणकप्रणालीही आणली, तिचे गोडवे गायले. मोबाईलचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, रेशन कोणत्याही दुकानात उचलता येते, मग अंगणवाडीतल्या मुलाचे नाव पाथर्डीहून राहात्याला जाताना कोणत्या घाटात अडकते? यात आम्ही सेविकेला दोष देत नाही. ती बिचारी तुटपुंज्या मानधनावर राबते, आणि त्या मानधनासाठीही तिला ४ डिसेंबर २०२३ पासून महिन्याहून अधिक काळ संपावर बसावे लागले. दोष आहे तो तिच्या डोक्यावर बसून आकडे मागणाऱ्यांचा. आकडा भरला की त्यांचे पोट भरते, मुलाचे भरले की नाही ते कोण बघतो!

दुसरे उत्तर कारखान्याचे: ‘हे आमचे कामगारच नाहीत. आमचा करार मुकादमाशी, वाहतूकदाराशी.’ वा! ऊस तुमचा, तोडीचा कार्यक्रम तुमचा, स्लिपबॉय तुमचा, काटा तुमचा, उचलीचा पैसा तुमच्याच तिजोरीतून निघालेला. फड बदलायचा तर हुकूम तुमचा. पण लेकराला दुधाचा कप द्यायची वेळ आली की ही माणसे परकी! ताकाला जाऊन भांडे लपवणे यालाच म्हणतात, आणि इथे तर ताक नव्हे, साखर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितले. म्हणून बाई कारखान्याच्या भिंतीच्या आत मोजलीच जाणार नाही अशी तजवीज झाली. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांत पन्नास बायका किंवा त्यांची वीस मुले असली की पाळणाघर लागू केले. आसामच्या चहाच्या पानाला जे कळले ते महाराष्ट्राच्या उसाच्या कांडीला कळले नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने तर हद्द केली: कामावर बायकांबरोबर सहाखालची पाच मुले आली तरी त्यांना सांभाळायला एक बाई नेमा आणि तिला मजुरी द्या! खड्डे खणणाऱ्या सरकारी कामावर पाच लेकरांची दखल, आणि जिथे शेकडो लेकरे पाचटात लोळतात त्या अड्ड्यावर कोणाचे लक्ष नाही. पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघराचे बंधन नव्या कामगार संहितांतही आहे. ज्याला टाळायचेच आहे त्याला प्रत्येक कायद्यात फट सापडते. अब्रू असलेला माणूस फट शोधत नाही.

तिसरे उत्तर, आणि हे सर्वांत संतापजनक: ‘अहो, आईबापांनाच पोरांची पर्वा नाही.’ हे वाक्य बोलणाऱ्याने एकदा उचलीचे गणित मांडावे. नवराबायको मिळून एक कोयता. बायको पोरासाठी मागे राहिली तर अर्धाच कोयता उरतो, आणि उचल मात्र पुऱ्या कोयत्याची अंगावर. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचा भुर्दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी राज्य हादरले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. खाडा पडू नये म्हणून जिथे बाई स्वतःचे गर्भाशय काढून टाकायला तयार होते, तिथे तिला पोराची पर्वा नाही म्हणता? तिला पर्वा आहे, सवड नाही. सवड तुम्ही विकत घेतली आहे, टनाच्या भावाने.

चौथे उत्तर: ‘ही फिरती माणसे. आज इथे, उद्या तिथे. शाळा कशी चालवायची?’ या उत्तराला इतिहासानेच थोबाडीत मारली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जिच्या पाट्या लागल्या आहेत ती अंगणवाडी तिथून आली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथे बाई जाणार! दिल्लीत १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजुरांची पोरे मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर मांडले. त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली, आणि तिचे काम मुंबई-पुण्याच्या बांधकामांपर्यंत आले. इमारत उठली की पाळणाघर पुढच्या इमारतीवर. अड्डा तर पाच-सहा महिने एका जागी बसतो. त्याला फिरता म्हणायला जीभ कशी रेटते?

लांब कशाला जा, याच जिल्ह्यात जामखेडला पाहा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि अक्षरओळख नसलेल्या, गावाने ओवाळून टाकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या बायकांनी गावेच्या गावे बालमृत्यूतून वर काढली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जग जामखेडला शिकायला आले. जग आले, जामखेडच्या शेजारचे धुराडे आले नाही. ज्या तालुक्याने अडाणी बाईच्या हाती गावाचे आरोग्य सोपवून दाखवले, त्याच तालुक्यातून दर हंगामाला टोळ्या निघतात, आणि त्या टोळ्यांतल्या एका बाईला कोयत्याऐवजी पाटी-पेन्सिल देऊन दहा पोरे सांभाळायला बसवावे एवढी अक्कल आमच्या साखर धुरिणांना सुचत नाही!

आणि याच जामखेड तालुक्यात चौंडी आहे. १७२५ साली तिथे अहिल्याबाई जन्मल्या. जिल्ह्याला त्यांचे नाव दिले, पाट्या बदलल्या. त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे होत असताना, ६ मे २०२५ रोजी, सगळे मंत्रिमंडळ चौंडीला बैठकीला आले. नावाला आमचा विरोध नाही. पण ज्या माउलीने अनोळखी वाटसरूसाठी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिचे नाव मिरवणाऱ्या जिल्ह्यात वाटसरू मजुराच्या तान्ह्याला बसायला चार पत्रे मिळत नसतील, तर त्या पाटीकडे बघताना मान खाली जायला हवी. याच नगर शहरात, मिस फरारबाईंच्या शाळेत, सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे धडे गिरवून गेल्या. तीन जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालायचा आणि त्याच पहाटे फडात निजलेल्या पोरीकडे पाठ फिरवायची, ही जयंती कसली, ही तर थट्टा.

हंगाम फक्त उसाचा नाही. अकोल्याच्या डोंगरात दुसरा हंगाम भरतो. मेअखेर काजवे चमकू लागले की भंडारदऱ्याला गाड्यांची रीघ लागते. मग पावसात रंधा धबधबा, सांदण दरी, रतनगड, कळसूबाई. तंबू ठोकले जातात, वाहतुकीचे नियोजन होते, पोलीस बंदोबस्त लागतो, गाड्या लावायला माळ आखले जातात. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला नाचणीची भाकरी थापून देणारी महादेव कोळी, ठाकर समाजाची बाई पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चुलीपुढे असते. तिचे पोर कुठे असते, असे कोणी विचारले आहे? पाऊस सरला, पाहुणे पांगले की डोंगरातली हीच कुटुंबे नारायणगाव-जुन्नरच्या बागायतीत मजुरीला उतरतात, पोरांसकट. अंगणवाडीच्या पटावर नाव उरते, मूल उरत नाही. आणि नियतीचा खेळ असा की, १९२६ साली पुरे झालेल्या ज्या भंडारदरा धरणाच्या काठी तंबू लागतात, त्याच धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली येऊन ऊस पिकवते. एकाच पाण्यावर दोन हंगाम, दोन्हींत पैसा, आणि दोन्हींत राबणाऱ्याचे लेकरू बेवारस. पर्यटकाच्या गाडीला सावलीची जागा आखून मिळते, मजुराच्या पोराला मिळत नाही. यावर आम्ही आणखी काय लिहावे?

पैशाची ओरड तर नकोच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांची जबाबदारी राज्याच्या प्रयत्नांवर टाकली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला बालशिक्षणाचे वचन दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १३ डिसेंबर २००६ रोजीच सांगून टाकले आहे की, ज्या वस्तीत सहाखालची चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी मिळालीच पाहिजे. निधी आहे, योजना आहे, घटना आहे, निवाडा आहे. नाही फक्त लाज. मात्र या तीन महिन्यांतली मेख ओळखा. दिवाळीनंतर अड्डा बसणार, मग अर्ज होणार, अर्जावर शेरा पडणार, शेऱ्यावर अहवाल मागवला जाणार, आणि मंजुरी येईल तेव्हा पट्टा पडलेला असेल, कोपी मोडून लोक घराकडे निघालेले असतील. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अंगणवाडी मागणीनंतर नको, मोळी पडण्याआधी हवी.

आणखी एक टोचणारी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून सगळ्याचा आधार झाला आहे. कोपीत, फडाच्या बांधावर जन्मलेल्या मुलाची नोंद २१ दिवसांत कोण करणार? कायदा सांगतो की जिथे जन्म तिथे नोंद. बाप फडात, ग्रामसेवक कार्यालयात, आणि हंगाम संपला की जन्मगाव शंभर कोस मागे. पाच वर्षांनी पाथर्डीच्या शाळेत दाखला मागतील, तेव्हा ते बाळ कोणत्या गावचे म्हणायचे? उसाच्या खोडव्याला दुसऱ्या वर्षी नव्याने नोंद मिळते, माणसाच्या पोराला पहिलीही मिळत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्यांत घासाघीस नाही.

एक: साखर आयुक्तांनी गाळप परवान्याच्या अर्जासोबत प्रत्येक अड्ड्याच्या पाळणाघराचा आणि बालवाडीचा आराखडा सक्तीचा करावा. एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर, थकवली म्हणून परवाना अडवता येतो. शेतकऱ्याचे देणे थकले तर परवाना नाही, मग लेकराचे देणे थकले तर का मिळावा?

दोन: मुकादमाशी करार होताना कोयत्याच्या नावापुढे त्याच्या मुलांची नावे आणि वये लिहिली जावीत, आणि ती यादी दसऱ्याआधी कारखान्याने तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावी. उचल वाटताना जशी सही-अंगठा घेता, तशी ही नोंद घ्या.

तीन: पाळणाघराची वेळ कोयत्याची असावी. दहाला उघडून दोनला मिटणारी अंगणवाडी पहाटे चारला निघणाऱ्या आईच्या काय कामाची? टोळीतल्याच दोन बाया निवडा, त्यांना शिकवा, त्यांना पुऱ्या कोयत्याची मजुरी द्या. आरोळ्यांनी वाट दाखवून पन्नास वर्षे झाली.

चार: प्रत्येक अड्ड्यावर हंगामात महिन्यातून एकदा जन्मनोंदणी आणि लसीकरणाचे शिबिर व्हावे. बैलाला लस देणारी गाडी जिथे पोचते तिथे बाळाला लस देणारीही पोचू शकते.

पाच: अकोल्याच्या पर्यटन पट्ट्यात तंबूंना आणि रिसॉर्टना परवानगी देताना तिथे राबणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरांची अट घालावी, आणि तंबू-रिसॉर्टकडून येणाऱ्या करातून ती पाळणाघरे चालवावीत.

सहा: हिवरे बाजारकडे पुन्हा एकदा बघावे. पोपटराव पवारांच्या गावाने पाणी अडवले, उसाला नाही म्हटले, आणि मजुरीसाठी बाहेर पडलेली माणसे परत आणली. ज्या गावाला टोळीत जावे लागत नाही, त्या गावाचे पोर त्याच्याच अंगणवाडीत बसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा दुष्काळ हा ऊस कारखान्यांचा मजूरपुरवठा विभाग आहे, असे समजून जे स्वस्थ बसले आहेत, त्यांना हा उपाय पटणार नाही. म्हणूनच तो बरोबर आहे.

शेवटचे बोलणे संचालकांशी नाही, मंत्र्यांशीही नाही. ते ऊस उत्पादक सभासदांशी आहे. हे कारखाने तुमचे आहेत, असे तुमच्या आजोबांना सांगण्यात आले आणि ते खरे होते. मग त्या पाचटात निजलेल्या लेकराची लाजही तुमची आहे. तुमचा ऊस वेळेत तुटला नाही तर तुम्ही स्लिपबॉयच्या दारात बसता, टनाला पन्नास रुपये कमी मिळाले तर रस्ता अडवता. आता येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून उभे राहा. अहवालात गाळप किती, उतारा किती, आसवनीचे उत्पन्न किती, हे सगळे छापलेले असेल. तुम्ही अध्यक्षांना एवढेच विचारा की गेल्या हंगामात आपल्या अड्ड्यांवर सहा वर्षांखालची मुले किती होती आणि त्यांच्यासाठी पाळणाघरे किती होती. आकडा सांगता आला नाही तर अहवाल मंजूर करू नका. मंजुरीचा हात वर करणारा प्रत्येक सभासद या पापाचा भागीदार आहे, आणि यापुढे तरी त्याने ते आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणू नये.